गिटला बदल दिसत नाही तेव्हा

प्रिय मित्रा,

फाइल बदललीय, आणि गिट स्टेटस (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या गिटची, काय बदललंय ते दाखवणारी कमांड) मात्र सगळं जागच्या जागी असल्याचं सांगतंय. आधी हात आवर. अख्ख्या रिपॉझिटरीची (गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरची) कॉपी काढून तिच्यावर प्रयोग करू नकोस. कॉपीत आयनोड (फाइलचा डिस्कवरचा क्रमांक) आणि सीटाइम (फाइल किंवा तिची माहिती शेवटची बदलल्याची वेळ) नवे येतात, त्यामुळे गिट प्रत्येक फाइल उघडून वाचतं आणि बग गायब होऊ शकतो. मूळ जागी नुसतं स्टेटस चालवलं, तरी इंडेक्स (गिटची फाइलींच्या नोंदींची वही) नव्याने लिहिला जाऊ शकतो. म्हणून डॉट-गिट फोल्डरमधली इंडेक्स फाइल तिच्या वेळेसकट, सीपी -पी (वेळ जपणारी कॉपीची कमांड) वापरून, बाजूला ठेव. तिची वेळसुद्धा पुरावाच आहे.

गिट दर वेळी मजकूर वाचत बसत नाही. आकार, एमटाइम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ), सीटाइम, आयनोड वगैरे इंडेक्समधल्या नोंदींशी जुळले की ते पुढे जातं. मोठ्या प्रकल्पात त्याचा वेग यामुळेच टिकतो. तेव्हा गिटने फाइल उघडलीच का नाही, याचा माग काढ. गिटची एलएस-फाइल्स --डिबग (इंडेक्समधल्या नोंदी दाखवते) आणि स्टॅट (फाइलची आत्ताची माहिती दाखवते) या कमांडचे आकडे शेजारी ठेवून एकेक ताडून बघ. मग एलएस-फाइल्स -व्ही: ओळीच्या सुरुवातीला लहान एच किंवा मोठा एस दिसला, तर कुणीतरी गिटला त्या फाइलकडे बघू नकोस असं सांगून ठेवलंय. एफएसमॉनिटर (कोणत्या फाइली बदलल्या ते गिटला कळवणारी सोय) बंद करूनही बघ.

अ‍ॅडनंतर (म्हणजे फाइल इंडेक्समध्ये नोंदवल्यावर) त्याच सेकंदात तेवढ्याच लांबीचा बदल झाला, समजा ८०८० चं ९०९० झालं, तर? ही फट गिटला ठाऊक आहे. फाइलची एमटाइम इंडेक्सच्या वेळेइतकी किंवा नंतरची असेल, तर ते मजकूर तपासतं. नवा इंडेक्स लिहिताना अशी फाइल बदललेली निघाली, तर नोंदीतला आकार ० करून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी ती निसटत नाही. मला ही युक्ती फार आवडते.

माझा संशय कोअर.ट्रस्टसीटाइमवर, म्हणजे सीटाइम तपासायची की नाही हे ठरवणाऱ्या गिटच्या सेटिंगवर आहे. ते फॉल्स असेल आणि तुमचं बिल्ड टूल जुनी एमटाइम परत लावत असेल, तर त्याच लांबीचा बदल लपतो. छोटी स्क्रिप्ट लिही: फाइल तयार कर, तिची वेळ जपून ठेव, दोन सेकंद थांब, अ‍ॅड कर, जागच्या जागी तेवढीच अक्षरं बदल, टच -आर ने जुनी वेळ लाव. मधलं थांबणं विसरलास, तर गिट सावध होऊन मजकूर वाचेल आणि तुला काहीच सापडणार नाही. सेटिंग ट्रू आणि फॉल्स, दोन्ही ठेवून चालव आणि दोन्हीचं आउटपुट मला पाठव.

तुझा,
दादा