वन आरके भाड्यानं द्यायचाय: 6,40,000 चं इंटिरिअर करावं का?

पुण्यातल्या वाकडमधल्या 310 चौरस फूट कार्पेटच्या वन आरकेचा ताबा तुम्हाला मिळालाय. एजंटच्या मते मोकळा दिला तर भाडं 11,000, गरजेपुरतं सामान घातलं तर 15,500 आणि पूर्ण फर्निश्ड केला तर 18,000. इंटिरिअरचं कोटेशन 6,40,000 चं आहे आणि त्यातले चार लाख पर्सनल लोन काढून उभे करायचा तुमचा विचार आहे. पगार 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये.

हे कोटेशन घेऊ नका. पावणेदोन लाखांत गरजेपुरतं घर लावा.

18,000 ची तुलना तुम्ही 11,000 शी केलीत. ती 15,500 शी करायला हवी, कारण पावणेदोन लाखांच्या वरचे 4,65,000 महिन्याला फक्त 2,500 वाढवतात. वर्षात एक महिना घर रिकामं धरा: 27,500. भाड्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, उरलेल्यावर सेससह 31.2 टक्के कर, म्हणजे साधारण 6,000 गेले. एसी, फ्रिज, टीव्ही, सोफा यांच्या देखभालीला 9,000 धरले तर हातात 12,500. मुद्दल सुटायला 37 वर्षं लागतील आणि तोवर ते फर्निचर टिकणार नाही. हीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या एफडीत कर जाऊन वर्षाला 20,800 च्या आसपास देते, शिवाय मुद्दल शाबूत.

एक गैरसमज दूर करतो. फर्निचरचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वेगळा वजा होत नाही. 5,000 खर्च करा की पाच लाख, घरभाडं म्हणून दाखवलेल्या उत्पन्नावर वजावट तीच 30 टक्के. फर्निचरसाठी काढलेल्या पर्सनल लोनचं व्याजही वजा होत नाही, आणि 12 टक्के दरानं चार लाखांचं पहिल्या वर्षाचं व्याजच 40,000 च्या वर जातं.

आता पावणेदोन लाखांचं गणित. 4,500 जादा भाडं, 11 महिने: 49,500. कर आणि 6,000 दुरुस्ती वजा जाता 32,700 उरतात. साडेपाच वर्षांच्या आत पैसे वसूल.

वाटणी अशी करा: ओटा आणि ट्रॉल्या 55,000, कपाट 45,000, पलंग-गादी 25,000, गीझर-पंखे-दिवे-एक्झॉस्ट 20,000, वायरिंग 15,000, रंग-पडदे 15,000.

ओट्यावर लक्ष द्या, भाड्याच्या घरात सर्वांत आधी तोच बिघडतो. सिंकखाली पार्टिकल बोर्डचा बॉक्स करू नका. सिंकच्या जाळीखालचा कपलिंग नट सैल होतो, थेंब थेंब पाणी झिरपतं, भाडेकरू काही सांगत नाही आणि वर्षभरात बोर्डाची खालची कड फुगून दार बसेनासं होतं. कडप्प्याच्या उभ्या पाट्या, मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या आणि सिंकखालचा भाग मोकळा ठेवा. कपाटाला 18 मिमी बीडब्ल्यूआर, म्हणजे ओल बऱ्यापैकी सोसणारा प्लाय पुरे. बाथरूमच्या भिंतीला लागून असेल तर मात्र आयएस 710 मानकाचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला पूर्ण टिकणारा प्लाय घ्या. खोली आतून 22 इंच हवी, नाहीतर हँगर आडवे बसत नाहीत.

वायरिंग रंगाच्या आधी. 2,000 वॉटचं इंडक्शन आणि तेवढाच गीझर एका लाइनवर चालले की 17 अँपिअरच्या वर ओढतात. 16 अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) लगेच नाही पडला तरी तारा आणि सॉकेट तापत राहतात. दोघांना वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी द्या. एसीचा पॉइंट आत्ताच काढून ठेवा, एसी लावू नका; ज्याला हवा तो भाड्याचा आणेल.

भिंतीत मिटणारा पलंग कोटेशनमध्ये चकचकीत दिसतो, पण दर भाडेकरूच्या हाताखाली पिस्टन आणि बिजागऱ्या सैल होतात. चार बाय सव्वासहा फुटांचा साधा पलंग घ्या, खाली दोन ड्रॉवर. फॉल्स सीलिंग वगळाच; वरच्या फ्लॅटचं बाथरूम गळलं की जिप्सम खाली येतं. एक्झॉस्ट मात्र हवाच. एकाच खोलीत फोडणी आणि गादी असते, आणि वास बसलेलं घर बघायला आलेला माणूस दारातूनच परत जातो.

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे. सामानाची यादी फोटोंसह करारालाच जोडा, गीझरचा सिरीयल नंबरही लिहा, म्हणजे डिपॉझिट परत करताना वाद होत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क मागेल. ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.