जाळी फाटली म्हणून अख्खं शटर कशाला बदलायचं?

प्रश्न: ताई, आमच्या स्लायडिंग खिडक्यांपैकी किचनच्या मच्छरजाळीला खालच्या कोपऱ्यात लिंबाएवढं भोक पडलंय आणि बेडरूमच्या जाळीचं रबर सुटून लोंबतंय. सेलोटेप लावली की निघते. खिडकीवाला म्हणतो अख्खं शटर बदला. घरी काही करता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: फ्रेम वाकलेली नसेल तर शटरला हातही लावायची गरज नाही, जाळी आणि रबर बदललं की झालं. पण आधी किचनचं भोक जवळून बघा. कडा कुरतडल्यासारख्या असतील तर हे उंदराचं नाहीतर खारीचं काम, मग तिथे परत फायबरची जाळी लावण्यात अर्थ नाही, पुन्हा कुरतडतील. तिथे स्टीलची ३०४ ग्रेडची घ्या, महाग पडते पण दातांना दाद देत नाही. (एखाद-दुसरा धागा सरकून झालेलं बारीक भोक असेल तर सुईने धागे जागेवर आणून वर रंग नसलेल्या नेलपॉलिशचा थेंब, बास.)

आता बेडरूम. जाळी धड असेल तर नुसतं रबर आणा, उन्हाने ते कडक होऊन आक्रसतं म्हणूनच सुटतं. दुकानात जाताना जुन्याचा बोटभर तुकडा सोबत न्याच, कारण जाडी जरा जास्त झाली तर खाचेत जात नाही आणि कमी झाली तर पहिल्या वाऱ्याला बाहेर. किचनचं शटर वर उचलून खालची बाजू आत ओढली की ट्रॅकमधून निघतं, पण वरच्या मजल्यावर असाल तर दोघांनी मिळून काढा, हातातून सुटलं तर खाली कोणाच्या डोक्यात पडेल. मग ते जमिनीवर सपाट ठेवा, जुनं रबर स्क्रूड्रायव्हरने उचकटा, खाचेतली माती जुन्या टूथब्रशने काढा, नवी जाळी चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवून पसरा आणि कोपऱ्यापासून सुरुवात करून रबर खाचेत रोलरने (जाळीचं रबर बसवायचं छोट्या चाकाचं हत्यार) दाबत जा, जास्तीची जाळी शेवटी कटरने कापायची. जाळी ताणायचा मोह मात्र आवरा! तबल्यासारखी ताणली की फ्रेमच्या मधल्या बाजू आत ओढल्या जातात आणि मग शटर नीट लागत नाही. स्टीलच्या जाळीच्या कडा बोटात घुसतात, हातमोजे घाला. सेलोटेपचा चिकटा खोबरेल तेलाने निघेल.

एवढं करूनही डास आलेच तर दोन शटर जिथे एकमेकांवर येतात तिथली ब्रशची पट्टी झिजलीय का बघा, बहुतेक घरांत तिकडे कोणाचं लक्षच नसतं. आणि डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो, त्यामुळे संध्याकाळीच जाळी सरकवायची सवय काही कामाची नाही. खालच्या ट्रॅकमधली छोटी भोकं मात्र एम-सीलने बुजवू नका, पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं, फारच वाटलं तर उरलेल्या जाळीचा तुकडा तिथे चिकटवा.