करार नाही, म्हणून कच्चा?

प्रश्न : महाविद्यालयात शिकणारा माझा मुलगा सध्या इंग्लंडमधील एका इंडी-पॉप (म्हणजे ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र पॉप) बँडची गाणी सतत ऐकत असतो. या बँडचा कोणत्याही रेकॉर्ड कंपनीशी करार नाही, असे तो सांगतो. गाणारे विशीतले आहेत, गाणी मात्र साठच्या दशकातली वाटतात आणि तिघेचौघे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गातात. ज्यांना कंपनीने घेतले नाही, त्यांचे गाणे दर्जेदार कसे असेल? मुलाला मित्रांसोबत असेच गायचे आहे. त्याने सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : करार असणे वा नसणे ही व्यवहाराची बाब आहे. कंपनी ध्वनिमुद्रण, वितरण आणि जाहिरात यांचा खर्च उचलते आणि त्या बदल्यात बहुधा ध्वनिमुद्रणाचे हक्क व उत्पन्नाचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवते. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ज्यांनी तीन दिवस गर्दी खेचली, त्या कोल्डप्लेने १९९८ मध्ये करार नसतानाच पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या ५०० प्रती काढल्या होत्या. पार्लोफोन कंपनीशी त्यांचा करार पुढच्या वर्षी झाला. त्याआधी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने उसनवारी करून स्वतःची तबकडी काढली आणि ब्रिटनमधील असंख्य तरुणांना ती वाट दिसली. आज बीबीसीच्या ‘इंट्रोड्यूसिंग’ या नवोदितांसाठीच्या, २००७ पासूनच्या उपक्रमाकडे असे बँड आपली गाणी पाठवू शकतात, आणि बँडकॅम्पवर रसिक थेट त्यांच्याकडून गाणे विकत घेतो. डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के तेवढे त्या संकेतस्थळाचे. अर्थात, गाणीच बेताची असल्याने करार न मिळालेले बँडही पुष्कळ आहेत, हे कबूल केलेच पाहिजे.

आता त्या जुन्या वळणाविषयी. साठच्या दशकातील बीटल्स, मँचेस्टरचे हॉलीज आणि अमेरिकेतील बीच बॉइज यांनी एकत्र गळ्यांची जी रचना केली, ती या मुलांची पाठशाळा आहे. बीटल्सच्या १९६९ मधील ‘बिकॉज’ या गाण्यात लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन या तिघांचे एकत्र गायन तीनदा मुद्रित करून एकावर एक बसवले आहे, म्हणजे आपल्या कानावर नऊ आवाज पडतात. हातात पैसा नसलेल्या बँडला या परंपरेचे आकर्षण वाटावे, यामागे आवडीइतकाच हिशेबही असावा, असे मला वाटते. व्हायोलिनचा ताफा बोलवायचा तर मानधन मोजावे लागते; बास वाजवणाऱ्या मित्राने तोंड उघडले तर लागत नाही. गाण्याची जी पोकळी श्रीमंत निर्माता वाद्यांनी भरतो, ती हे बँड गळ्यांनी भरतात. बारा तारांची गिटार आणि टेपवरच्या प्रतिध्वनीचा भास आता लॅपटॉपवरही उभा करता येतो. मात्र तबकडीची खरखर मुद्दाम मिसळून जुनेपणाचा नुसता मुलामा चढवणाऱ्यांचा मला कंटाळा येतो.

आपल्या मुलाची खरी अडचण वेगळी असेल. आपल्याकडे प्रार्थनेपासून समूहगीतापर्यंत सगळे एकच चाल गातात, त्यामुळे शेजारचा दुसरे काही गाऊ लागला की आपला सूर सुटून त्याच्याकडे ओढला जातो. शुद्ध स्वरांची साधी चाल घ्यावी. एकाने ‘सा रे ग’ गायले, तर त्याच वेळी दुसऱ्याने ‘ग म प’ गावे. सा आणि ग यांतील अंतर रे आणि म यांतील अंतरापेक्षा किंचित मोठे असते. ते सारखेच ठेवायला गेल्यास दुसऱ्याचा मध्यम तीव्र होतो आणि सगळे विसंगत वाटू लागते. म्हणून दुसऱ्या आवाजाची ओळ ही स्वतंत्र चाल समजून, पहिला आवाज नसताना पाठ करावी. मग तानपुरा लावून दोघांनी सावकाश, शब्दांऐवजी ‘आ’कारात गावे. तिसरा आवाज या दोघांचे जमल्यावरच आणावा, आणि स्वर लांबवताना तिघांचा ‘आ’ एकाच घडणीचा आहे ना, याकडे लक्ष द्यावे, कारण सूर बरोबर असूनही आवाज मिसळत नाहीत ते बहुधा याच कारणाने.

तासावर भाड्याने मिळणारी तालमीची खोली सुरुवातीला घेऊ नये. घरी मोबाइल मधोमध ठेवून त्याभोवती उभे राहावे. ज्याचा आवाज पुढे येतो त्याने एक पाऊल मागे सरकावे आणि पुन्हा मुद्रण करून ऐकावे. गाणे स्वतःचे असेल, तर ते कुठेही टाकण्यापूर्वी शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि उत्पन्न झाल्यास वाटा किती, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. पुढे आयपीआरएस या, गाण्यांच्या वापराचे मानधन गोळा करून गीतकार-संगीतकारांना देणाऱ्या संस्थेकडे गीतकार-संगीतकार म्हणून नोंदणी करायची झाल्यास हीच माहिती लागेल.