मालवणात लोखंडी ग्रिल दोन पावसाळ्यांत गंजतं, मग शेजारची ॲल्युमिनियमची खिडकी तशीच कशी राहते?

गंमत म्हणजे हवेशी जास्त चटकन संयोग पावतं ते ॲल्युमिनियमच. पण त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि पुढचा ऑक्सिजन अडवतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. त्याला ऑक्सिजनबरोबर पाणीही लागतं, आणि किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यातलं मीठ गजांवर बसून ओल धरून ठेवतं. त्या खारट ओलीतून विद्युत-रासायनिक क्रिया झपाट्याने चालते. देशावर तेच ग्रिल जास्त टिकेल.

ॲल्युमिनियमही अगदी अभेद्य नाही हं, मिठातल्या क्लोराइडमुळे त्यावर बारीक खड्डे पडतात.

तांब्याची कळशी आधी काळवंडते, खाऱ्या हवेत हिरवटही होते. आमसुलाने घासली की आम्लात तो थर विरघळतो. सोनं हवेला दादच देत नाही. सोडियम मात्र रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पांढरा फॉस्फरस पाण्याखाली, कारण तो साधारण ३० अंश सेल्सिअसलाच पेट घेतो.

नवीन ग्रिल करणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेलं घ्या. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. नुसत्या रंगावर विसंबू नका, ओरखडा पडला की तिथूनच गंज सुरू.