पक्षाघातात पक्षी आहे का?

एका वाचकाने विचारलं आहे: 'गावाकडे काकांना लकवा भरला तेव्हा शेजाऱ्यांनी पारव्याचं रक्त चोळायला सांगितलं. पक्षाघात या शब्दात पक्षी आहे म्हणून ही समजूत पडली असेल का? आणि लकवा, पक्षाघात, अर्धांगवायू ही एकाच दुखण्याची नावं की वेगवेगळ्या?'

आधी पक्ष्याचं बघू. या शब्दात पक्षी नाही, पक्ष आहे. संस्कृतात पक्ष म्हणजे पंख. पंख दोन बाजूंना असतात, त्यामुळे पक्ष म्हणजे बाजू, कूस, दोहोंपैकी एक भाग. पक्ष असलेला तो पक्षी. महिन्याचे शुद्ध आणि वद्य हे दोन पक्ष, लग्नातले वरपक्ष आणि वधूपक्ष, निवडणुकीतले पक्ष (यांची संख्या दोनावर कधीच थांबली नाही), सगळे याच घरातले. बोलीत पक्षाचा 'पाख' झाला. पितृपक्षाला पितृपाख म्हणणारी माणसं अजून आहेत, आणि कौलारू घराच्या छपराची जी एक उतरती बाजू तिला पाखं म्हणतात. मधोमध आढं, दोन्हीकडे दोन पाखी. शरीराकडे असंच बघा: कण्याचं आढं धरून दोन पाखी, आणि त्यातल्या एकावर आघात. पक्ष + आघात, पक्षाघात. 'पक्षघात' असंही लिहिलेलं आढळतं, ते पक्ष + घात. दोन्ही बरोबर.

पारव्याच्या समजुतीचा आळ मात्र शब्दावर घेता येत नाही. ज्यांच्या तोंडी पक्षाघात हा शब्द उभ्या जन्मात आलेला नाही, जे लकवाच म्हणतात, तेही पारवा धरायला धावतात. त्याने गुण काही येत नाही, एक मुका जीव फुकट जातो एवढंच.

शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधीच्या अध्यायात, त्याची व्याख्याच दिली आहे. कोपलेला वायू एका बाजूचे सांध्यांचे बंध सैल करतो, 'सन्धिबन्धान् विमोक्षयन्', आणि 'हन्ति पक्षम्', ती बाजू मारतो. म्हणून वैद्य त्याला पक्षाघात म्हणतात. आता पॅरॅलिसिस हा शब्द बघा. तो मूळ ग्रीक. 'पॅरा' म्हणजे बाजूला, 'लुएन' म्हणजे सोडणं, सैल करणं. एका बाजूचं सैल होणं! दोन भाषांतल्या वैद्यांनी रोग्याचा लोंबता हात पाहिला आणि दोघांनाही सुटलेली गाठच आठवली. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला असं काही सापडलं की त्या दिवशी जेवण जरा जास्त जातं.

सुश्रुताच्या व्याख्येतला वायू पुढे आपल्या भाषांत फार पसरला. मराठीत अर्धांगवायू, कन्नडमध्ये पार्श्ववायू, तेलुगूत पक्षवातम, तमिळमध्ये पक्कवादम. मात्र ग्रामीण मराठीने त्याचं जे केलं ते मला सगळ्यांत देखणं वाटतं: 'अंगावरून वारं गेलं'. त्यात 'पक्ष' नाही, 'अर्ध' नाही. कुणीतरी पिकावरून हात फिरवावा तसं वारं आलं, गेलं, आणि माणूस आडवा. अंगात येतं तेही वारंच, पण ते देवाचं. ते येऊन निघून जातं आणि माणूस जागेवर राहतो. हे अंगावरून जातं आणि जाताना काहीतरी घेऊन जातं.

देखण्या शब्दाची किंमत मात्र मी घरात पाहिली आहे. आजीच्या बहिणीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा घरच्यांनी काय केलं असेल? खिडक्या लावल्या. वारंच ते, आणखी लागू नये म्हणून. वर दोन गोधड्या, कोमट तेल, विटेचा शेक. दवाखाना तिसऱ्या दिवशी. वाणी परत आली नाही. दोष कुणाला देणार? त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला होता.

बिघाड वाऱ्यात नसतो आणि बहुतेक वेळा हातापायातही नसतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा वाहिनी फुटते, आणि तेवढ्या भागाचं रक्त बंद होतं. मेंदूचा डावा भाग उजवं अंग चालवतो, उजवा डावं, म्हणून फटका एकाच पाख्याला बसतो. भाषेचं केंद्र बहुतेकांच्या डाव्या भागात असतं, म्हणून उजवं अंग गेलेल्या माणसाची वाचाही अनेकदा जाते; त्याला वाचाघात असा नेमका शब्द आहे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही नेहमीची कारणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेलमालिशीत जातात ते हेच तास.

आता लकवा. हा अरबी 'लक़्वा', आणि मूळ अर्थ फक्त तोंड वाकडं होणं. अरबी-युनानी वैद्यकात अर्धं अंग लुळं पडण्याला वेगळा शब्द आहे, फालिज. त्याच्या धातूचा अर्थ दुभंगणं, दोन भाग होणं. उर्दू बोलणाऱ्यांच्या घरात तो अजून ऐकू येतो. मराठीत फालिज रुजला नाही, लकवा रुजला, आणि दोघांचं काम एकट्यावर पडलं. आज हाताला लकवा भरतो, पायाला भरतो, कारभारालाही मारतो. २०१३ साली फायलींवर सह्या होत नाहीत म्हणून शरद पवारांनी 'हाताला लकवा' असा टोमणा मारला होता. नाव घेतलं नव्हतं, पण तो तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना उद्देशून आहे हे सगळ्यांना कळलं. 'धोरणलकवा' हा शब्दही त्याच सुमाराचा, इंग्रजीवरून पाडलेला, पण कानाला अजिबात खटकत नाही. 'धोरणपक्षाघात' म्हणून बघा, जीभच अडखळते.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बोलण्यात तिन्ही एक, मुळात लकवा वेगळा. आयुर्वेदातही नुसत्या तोंडाच्या वाकडेपणाला पक्षाघात न म्हणता अर्दित म्हणतात. हा भेद पुस्तकी नाही. चेहऱ्याची शीर (नस) सुजली, म्हणजे डॉक्टर ज्याला बेल्स पाल्सी म्हणतात ते झालं, तर त्या बाजूचं कपाळही हलत नाही आणि डोळा पुरता मिटत नाही. बहुतेक रोगी काही आठवड्यांत सुधारतात. मेंदूतल्या आघाताने तोंड वाकडं झालं तर सहसा कपाळाला आठ्या घालता येतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. पण घरी बसून कपाळ तपासत राहायचं नाही. तोंड वाकडं दिसलं, हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, की आधी गाडी काढायची. फरक डॉक्टर बघतील.

आणि एक दुखणं असंही आहे जे यातल्या कुठल्याच नावात बसत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, आणि आधी पायांतलं, मग वर वरचं बळ नाहीसं होत जातं, दोन्हीकडचं सारखंच. इथे पक्ष नाही, अर्धांग नाही, तोंडापासून सुरुवातही नाही. पुस्तकी मराठीतला 'अंगघात' इथे चालला असता, पण तो वापरतो कोण? लोकांनी जीबीएस ही तीन अक्षरं उचलली आणि आठवड्याभरात रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाली.

जाता जाता क्रियापदांचं. लकवा 'मारतो' किंवा 'भरतो', अर्धांग 'होतं', पक्षाघाताचा 'झटका येतो', वारं 'जातं'. 'पक्षाघात भरला' असं कुणी म्हणत नाही. तुम्ही काकांना लकवा 'भरला' असं लिहिलंत, ते अगदी जिथल्या तिथे.