विमानाने की बोटीने : कोटेशन हाती आल्यावर

रत्नागिरी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

माल परदेशी पाठवून देणाऱ्या दोन एजंटांची कोटेशने शेजारी शेजारी मांडून तू विचारले आहेस की, विमानाचे भाडे बोटीच्या इतके पट असताना विमानाचा विचार तरी कशाला करायचा. प्रश्न रास्त आहे. मात्र भाडे ही या हिशेबातली केवळ एक ओळ आहे. माल तुझ्या गोदामातून निघून परदेशातल्या ग्राहकाच्या गोदामात उतरेपर्यंत एकूण किती दिवस जातात आणि त्या दिवसांत मालाचे व तुझ्या पैशांचे काय होते, हे मांडल्याशिवाय दोन दरांची तुलना करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आधी वजन पाहू. विमान कंपनी प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडे आकारते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकाराला 6000 ने भागायचे. कुरियरवाले बहुधा 5000 ने भागतात. तुझ्या तळलेल्या फणसाच्या गऱ्यांचे खोके 40 बाय 30 बाय 30 चे आहे आणि भरून साडेतीन किलो होते, पण आकारमानाने ते 6 किलोचे ठरते. म्हणजे शंभर खोक्यांचे खरे वजन 350 किलो असताना तू 600 किलोचे भाडे देणार. पिशव्यांत हवा थोडी कमी भरून खोक्याची उंची 25 वर आणलीस, तर तेच वजन 500 किलोवर येते. एजंटाशी दरावरून घासाघीस करण्यापेक्षा फूटपट्टी घेऊन खोक्यापाशी बसणे अधिक लाभाचे आहे.

हीच शंभर खोकी बोटीने, इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, म्हणजे एलसीएलने पाठवलीस तर 1 घनमीटर किंवा 1 टन यांपैकी जे जास्त त्यावर आकारणी होते आणि तुझा माल 3.6 घनमीटर धरला जातो. येथे भाडे फारच स्वस्त दिसते. तथापि एलसीएलच्या कोटेशनमध्ये समुद्राचे भाडे नाममात्र दाखवून पलीकडच्या बंदरातले कंटेनर रिकामा करण्याचे, हाताळणीचे आणि कागदपत्रांचे आकार, म्हणजे शुल्क, ग्राहकाच्या माथी मारण्याची पद्धत आहे. ग्राहक पहिल्या खेपेला ते मुकाट्याने भरतो आणि दुसरी ऑर्डर देत नाही. म्हणून पलीकडचे सर्व आकार लेखी मागवून घे.

दिवसांच्या बाबतीत जुने वेळापत्रक प्रमाण मानू नकोस. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बहुतेक शिपिंग लाईन्सनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि युरोपच्या प्रवासात दहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत भर पडली. न्हावा शेव्याहून निघणारे जहाज कोणत्या मार्गाने जाणार आणि वाटेत कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढवला जाणार का, हे बुकिंगच्याच दिवशी विचारावे. दिवाळीचा फराळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वेळेत पोहोचवायचा असेल, तर मी तो ऑगस्टमध्येच बोटीवर चढवीन. माल 20 लाखांचा, व्याज वर्षाला 12 टक्के आणि पैसे 60 दिवस अडकलेले, असे धरले तरी 39 हजारांच्या वर नुसते व्याज होते. तेही बोटीच्याच खात्यात लिही.

आता हापूस. झाडावरून उतरवला की त्याची घटका भरू लागते. फळातली कीड जाण्यासाठी अमेरिकेकरिता विकिरण (किरणांचा मारा), युरोपसाठी 48 अंशांच्या पाण्यात तासभर उष्णजल प्रक्रिया आणि जपानसाठी उष्ण बाष्प प्रक्रिया करण्यात काही वेळ जातो, म्हणून दूरच्या देशांना तो विमानानेच जात आला आहे. परंतु फळ म्हणजे विमान, असा नियम करू नकोस. आखातात जाणारा आंबा 13 अंशांच्या आसपास ठेवलेल्या रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमधून काही दिवसांत सुखरूप पोहोचतो, आणि जून 2022 मध्ये विकिरण केलेला केशर आंबा न्हावा शेव्याहून समुद्रमार्गे अमेरिकेतल्या न्यूअर्कलाही गेला. हापूसच्या बाबतीत मात्र माझे मन अजून कचरते, कारण त्याच्यातला साका, म्हणजे गरातला स्पंजासारखा बिघडलेला भाग, बाहेरून दिसत नाही. लांबच्या प्रवासानंतर तो ग्राहकाच्या सुरीखाली दिसला तर अख्ख्या कंटेनरचा वाद उभा राहतो.

काजूगर मात्र निःशंकपणे बोटीने पाठव. वीस फुटी कंटेनरमध्ये 22.68 किलोची सुमारे 700 खोकी, म्हणजे जवळजवळ 16 टन माल बसतो. त्याला खरा धोका दमटपणाचा. रिकामा कंटेनर आला की आत उभे राहून दारे बाहेरून लावून घ्यावीत. कोठेही उजेडाची तिरीप दिसली तर तो परत पाठवावा, कारण जेथून उजेड येतो तेथून पाणीही येते. दमट हवेत भरलेला कंटेनर थंड प्रदेशात गेला की आतल्या बाष्पाचे थेंब छतावर जमून खोक्यांवर टपकतात, त्यासाठी ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगाव्यात. लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का आहे ना, हेही पाहावे.

पैशांच्या सुरक्षिततेत दोन्ही मार्गांचा फरक मोठा आहे आणि नवे निर्यातदार नेमके येथेच फसतात. बोटीचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, हा मालकीचा दस्तऐवज असतो. त्याच्या मूळ प्रती बँकेमार्फत पाठवल्या, तर पैसे भरल्याशिवाय ग्राहकाला माल सोडवता येत नाही. विमानाच्या मालपावतीला, म्हणजे एअर वेबिलला, तो दर्जा नाही. त्यावर ज्याचे नाव असेल त्याला माल मिळतो, पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून अनोळखी ग्राहकाला विमानाने माल पाठवताना आगाऊ रक्कम घे, किंवा तिकडच्या बँकेची संमती घेऊन माल तिच्या नावे पाठव.

विमा दोन्हीकडे हवाच. बोटीच्या बाबतीत जनरल ॲव्हरेजची तरतूद समजून घे : जहाज आणि सर्वांचा माल वाचवण्यासाठी खर्च करावा लागला, तर तुझा माल धडधाकट असला तरी त्यात तुझा वाटा लागतो. 2021 मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझमध्ये अडकले, तेव्हा मालकांनी हेच जाहीर केले होते. विमा नसलेल्या माणसाला असा वाटा किंवा त्याची हमी भरल्याशिवाय कंटेनर हाती मिळत नाही.

तुझ्या पुढच्या पत्रात खोक्यांची मापे, ग्राहकाशी ठरलेली एफओबी (पुढचे भाडे ग्राहकाचे) की सीआयएफ (भाडे व विमा तुझा) ही अट आणि दोन्ही एजंटांची पलीकडच्या आकारांसह सुधारित कोटेशने पाठव. तोपर्यंत कोणाचेही बुकिंग पक्के करू नकोस.

तुझा हितचिंतक