परसातल्या पोपटीचं टेन्शन

प्रश्न: आम्ही पनवेलला असतो, सासर अलिबागजवळ. जानेवारीत सासरी परसात पोपटी (मडक्यात पाला भरून जाळावर शिजवलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, चिकन वगैरे) करायचं ठरलंय, नणंदा, दीर, मुलांचे मित्र सगळे धरून वीसेक माणसं, त्यात निम्मे शाकाहारी. सासूबाई म्हणतात होईल सगळं, पण मला टेन्शन आलंय. जेवण बाहेरून मागवून ठेवू का?

उत्तर: ताई, अजिबात मागवू नका! पार्सल आलं की अर्धे लोक ताटं घेऊन टीव्हीपुढे बसतात, आणि पोपटीची खरी मजा तर जाळाभोवती गप्पा मारत मडकं कधी उघडतंय याची वाट बघण्यात आहे. फार तर तांदळाच्या भाकऱ्या आणि कांदा-लिंबू ठेवा.

शाकाहारींचं मडकं वेगळं आणि जाळही थोडा लांब, म्हणजे घोळ होत नाही. भांबुर्डीचा पाला आणायला मुलांना सासूबाईंबरोबर पाठवा, ही रानवनस्पती शेताच्या बांधावर आपोआप उगवते पण शहरातल्या पोरांना ती ओळखता येत नाही, आणि त्या उग्र वासाशिवाय पोपटी नाही. मडक्याच्या तळाला आणि कडेने पाला दाबून भरा, यात कंजुषी नको, कारण आपण पाण्याचा थेंब टाकत नाही, सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर शिजतं, पाला कमी पडला की शेंगा करपल्याच. शेंगा वालाच्या, दाणा भरलेल्या, जाडं मीठ आणि ओवा चोळून. सोबत बटाटे, रताळी. दुसऱ्या मडक्यात अंडी आणि मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून. वरून परत पाला कोंबून तोंड बंद करा, मडकं उपडं ठेवा, भोवती पेंढा, सुकी लाकडं, गोवऱ्या.

साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, मडकं मोठं असेल तर जास्त. मडक्यावर बाहेरून पाण्याचा शिपका मारून बघा, चर्र होऊन पाणी लगेच उडालं की समजा होत आलं. चिकन मात्र एक तुकडा फोडून बघितल्याशिवाय वाढू नका.

शेंगा निवडणं, जाळ सांभाळणं ही कामं दीर-नणंदांना वाटून द्या, सगळं तुम्ही एकटीने ओढू नका. आणि शेजाऱ्यांना बोलवायचं राहिलं असेल तर त्यांनाही आधीच बोलवा, धूर त्यांच्याकडे जाणारच आहे.